मेनफ्रेमवर माइग्रेशनच्या (डेटा नव्या डिस्कवर नेण्याच्या) रात्री जॉब जागेअभावी पडले, तर जागावाटपाचे नियम सैल करावेत का?

सिलिंडर:
माझं उत्तर आधीच सांगते: नाही.

आम्ही एका ग्राहकाचा डेटा ३३९० मॉडेल ३ च्या जुन्या डिस्क-व्हॉल्यूमवरून (प्रत्येकी ३,३३९ सिलिंडर; सिलिंडर म्हणजे डिस्कवरची जागा मोजायचं एकक) २,६२,६६८ सिलिंडरच्या इएव्हीवर (एक्स्टेंडेड अॅड्रेस व्हॉल्यूम, म्हणजे मोठा व्हॉल्यूम) नेत होतो. पहाटे अडीचला आयईबीजेनरचे (फाइल कॉपी करणारी युटिलिटी) कॉपी जॉब एकामागोमाग पडायला लागले. लॉगमध्ये आयजीडी१७२७२आय हा संदेश, म्हणजे जागा अपुरी. पण स्टोरेज ग्रुप (व्हॉल्यूमचा गट) निम्मासुद्धा भरला नव्हता! शिफ्टवरच्या वरिष्ठांनी डेटा क्लासमध्ये (नव्या फाइलींना लागू होणाऱ्या सेटिंगचा संच) स्पेस कन्स्ट्रेंट रिलीफ (जागा कमी पडली की वाटपाचे नियम सैल करणारी सोय) चालू केलं, जॉब पुढे सरकले, विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. इएव्हीवर पहिल्या ६५,५२० सिलिंडरच्या पलीकडची जागा व्हीसॅम (मेनफ्रेमवरचा एक फाइलप्रकार) नसलेल्या फाइलला हवी असेल, तर तिचा इएटीटीआर हा गुणधर्म ऑप्ट असावा लागतो. काहीच दिलं नाही तर नो धरलं जातं. आमच्या फाइलींना पाऊण व्हॉल्यूम बंदच होता. रिलीफने त्यांना उरल्यासुरल्या फटींत कोंबलं. महिनाअखेरीला त्यांतल्याच एका फाइलच्या शेवटी नोंदी जोडणारा जॉब बी३७ ने (जागा संपल्याची चूक) पडला.

जुनाजाणता:
नाही पटलं. कामाला मिळालेली विंडो चार तासांची, त्यातले अडीच संपलेले, आणि सकाळी ग्राहकाचं ऑनलाइन सुरू व्हायचंय. त्या वेळी कारणमीमांसा करत बसायचं? रिलीफ नेमकं अशा वेळेसाठीच आहे. ते आधी फाइल अनेक व्हॉल्यूमवर पसरवून बघतं, मग तुम्ही ठरवलेल्या टक्क्यांपर्यंत मागणी कमी करतं आणि सुरुवातीच्या वाटपावरची ५ एक्स्टेंटची (जागेच्या सलग तुकड्यांची) अट उठवतं. टक्केवारी शून्य ठेवा, मागणीला कात्री लागतच नाही.

शिवाय सरसकट ऑप्ट करणं फुकट नाही. व्हीटॉक (व्हॉल्यूमवरच्या फाइलींची सूची) थेट वाचणारे जुने असेंब्लर प्रोग्राम इएडीएससीबी ओके (तिथल्या नव्या प्रकारच्या नोंदी आपल्याला चालतात ही खूण) देत नसतील, तर अशा फाइलींवर ते अडतात. ते सगळे पहाटे अडीचला कोण शोधणार?

बॅचवाली:
शोधायचे ते आधी, विंडोत नाही. पण लॉग वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. १७२७२ च्या खाली आयजीडी१७२७९आय असतो, किती व्हॉल्यूम नाकारले आणि कशामुळे ते त्यात येतं. आमच्याकडे सगळे १७२७२ वरच थांबतात आणि हाय थ्रेशोल्ड (व्हॉल्यूम किती टक्के भरेपर्यंत पहिल्या पसंतीचा राहील तो आकडा) वाढवायला धावतात. थ्रेशोल्ड ओलांडणारे व्हॉल्यूम दुसऱ्या पसंतीच्या यादीत जातात, बाद होत नाहीत. तो आकडा वाढवून जागा निर्माण होत नाही.

सिलिंडर:
@जुनाजाणता, शून्य टक्क्यांचं मान्य, ती माझीच चूक. आमच्याकडे टक्केवारी भरलेली होती आणि ती कोणी पाहिली नाही. तरी एक गोष्ट उरतेच. ५ ची अट उठली म्हणून साध्या सिक्वेन्शियल फाइलची एका व्हॉल्यूमवरची १६ एक्स्टेंटची मर्यादा उठत नाही. सुरुवातीलाच ११ तुकडे गेले तर त्या व्हॉल्यूमवर वाढीला ५ उरतात. कॉपी हिरवी दिसते, आणि फाइल वाढायला लागली की ओझं दुसऱ्याच टीमच्या शिफ्टवर पडतं. मला राग त्याचा आहे.

जुनाजाणता:
हे १६ चं बरोबर. मग रिलीफवर गेलेल्या फाइलींची यादी त्याच रात्री काढा आणि पुढच्या विंडोत नव्याने बांधा. पण रिलीफ बंद ठेवून आख्खं कटओव्हर (नव्या व्हॉल्यूमवर जाणं) मागे घेणं मी कधीच सुचवणार नाही.

सिलिंडर:
यादी काढली असती तर हा धागा काढलाच नसता. आता आम्ही कॉपी जॉबसाठी वेगळा डेटा क्लास केलाय: इएटीटीआर ऑप्ट, रिलीफ बंद. व्हीटॉक वाचणारे दोन प्रोग्राम सापडले. ते दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या फाइली जुन्या व्हॉल्यूमवरच ठेवल्यात.