पांडा जंगलात नेमका जगतो तरी कसा?

जिज्ञासू_मन
पांडाच्या कुठल्याही व्हिडिओखाली एक कमेंट हमखास असते, की हा आळशी प्राणी आहे, पिल्लं घालत नाही, माणसाने जपला नसता तर कधीच संपला असता. मला हे अजिबात पटत नाही. लाखो वर्षं टिकलेला प्राणी इतका निकामी कसा असेल? पण आपण बघतो ते सगळे प्राणीसंग्रहालयातले. रानात तो कसा राहतो, कोणाला नीट माहीत असेल तर सांगा ना. आणि अस्वलच आहे तर थंडीत झोपून का राहत नाही?

रानभूल
पिल्लं घालत नाही हे पिंजऱ्यातल्या पांडांवरून पसरलंय, रानातल्यांना ते लावूच नका. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, मार्च ते मेच्या दरम्यान, आणि गर्भ राहण्याजोगे दिवस त्यातले फक्त एक ते तीन. ते हुकू नयेत म्हणून सगळी तयारी वासावर चालते. ठरावीक झाडांच्या खोडांवर खुणा केलेल्या असतात, नर तर कधी पुढच्या पायांवर उलटा उभा राहून जमेल तितक्या वर मुततो. मग एका मादीमागे अनेक नर जमतात, जोरदार मारामाऱ्या होतात, ती बऱ्याचदा झाडावर जाऊन बसते. एका बंद आवारात एक नर एक मादी आणून सोडली तर यातलं काहीच घडत नाही, मग दोष त्या प्राण्याचा कसा?

पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १०० ग्रॅमचं असतं, गुलाबी, डोळे मिटलेलं, आईच्या वजनाच्या जवळपास नऊशेवा हिस्सा. आई झाडाच्या ढोलीत नाहीतर कपारीत त्याला छातीशी धरून बसते आणि सुरुवातीचे कित्येक दिवस खायलासुद्धा बाहेर पडत नाही. एवढं करणाऱ्या आईला आळशी म्हणतात याचं खरंच वाईट वाटतं.

हिरवा_कोंब
थंडीचं मी सांगतो. बांबूवर झोपेपुरती चरबी साठतच नाही. पांडाचं आतडं मांसाहारी प्राण्यासारखं आखूड, खाल्लेल्या बांबूतला जेमतेम १७ टक्के भाग पचतो, त्यामुळे दिवसाला १२ ते ३८ किलो खावं लागतं आणि निम्म्याहून जास्त दिवस त्यातच जातो. मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय, त्यात दांडा धरून ऊस सोलावा तसा दातांनी सोलतो. खाणं इतकं निकस म्हणून हालचाल मोजूनमापून. २०१५ च्या एका अभ्यासात त्याचा रोजचा ऊर्जेचा खर्च त्या वजनाच्या प्राण्याकडून अपेक्षित असतो त्याच्या ३८ टक्केच निघाला होता. बसून राहतो ते उगीच नाही! आणि एका जागी तर तो मुळीच राहत नाही, चीनमधल्या छिनलिंगच्या डोंगरांत वसंतात कोवळे कोंब खातो, उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या बांबूकडे चढतो, थंडीत परत खाली.

जिज्ञासू_मन
मस्त माहिती, थँक्स दोघांना. पण बांबूला फुलोरा आला की अख्खं बन वाळतं ना, तेव्हा काय करतो?

रानभूल
दुसऱ्या जातीच्या बांबूकडे जायचं, हाच उपाय, आणि त्यासाठी जंगल सलग हवं. १९७० च्या दशकात चीनमधल्याच मिनशानच्या डोंगरांत फुलोऱ्यानंतर किमान १३८ पांडा मेलेले सापडले. आज खरी अडचण तीच आहे, मधे रस्ते, शेती, वस्त्या. चीनच्या चौथ्या गणनेत रानात १८६४ पांडा मोजले गेले पण ते ३३ तुकड्यांत विभागलेले, काही तुकड्यांत तर इतके थोडे की बाहेरून नर-मादी आल्याशिवाय त्यांचं काही खरं नाही. १९९८ ला तिथे नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड बंद केली, २०२१ ला सिचुआन, शानशी, गान्सू या तीन प्रांतांत मिळून मोठं राष्ट्रीय उद्यान झालं, आता हे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्यांत परत बांबू लावणं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं.

पायवाट
एवढ्या दाट बांबूत मोजतात कसे पण? दिसत पण नसतील

हिरवा_कोंब
क्वचितच दिसतात, म्हणून विष्ठा गोळा करतात. तिच्यात न पचलेले बांबूचे तुकडे असतात, त्यांची लांबी म्हणजे त्या पांडाच्या चाव्याचं माप, ते दर पांडाचं थोडं वेगळं असतं. चौथ्या गणनेत जोडीला विष्ठेतला डीएनएपण तपासला होता.