तुमचे पीटीचे सर, कोच कसे होते? अनुभव लिहा

माळावरची
लेकीच्या शाळेत स्पोर्ट्स डे ची तयारी चाललीये, एक सर वाकून फक्कीने लेन मारत होते ते बघून आमचे सर आठवले, म्हणून हा धागा. आमची शाळा सातारा जिल्ह्यात, माणच्या बाजूला, पाऊस नावापुरता. सर तिथलेच. तरुणपणी भरतीसाठी पळायचे, पळण्यात पास पण छाती भरली नाही. मग बीपीएड केलं, एका सुट्टीत पतियाळाला जाऊन एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा कोचिंग कोर्स करून आले आणि शाळेत लागले. कागदावर पीटी आणि भूगोल.

सरांचं म्हणणं एकच, पोरगं दहावीला संपता कामा नये. बाकीच्या शाळांतली पोरं सातवीतच रोज पंधराशे मीटर जीव तोडून पळायची नि तालुक्याला मेडलं न्यायची, आमच्याकडे नववीपर्यंत कुणाला ठरलेला इव्हेंटच नाही. गोळा पण टाकायचा, लांब उडी पण मारायची, शंभर पण पळायचे, कंटाळा आला तर खोखो. लांब पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्याच पाहिजेत, गप्पा बंद पडल्या की स्पीड कमी करायला लावायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी कारण निम्मी पोरं भाजी घेऊन बसलेली असायची. आणि पळणं ही शिक्षा म्हणून अजिबात नाही! एकदा गणिताच्या सरांनी गृहपाठ नाही म्हणून चौघांना राउंड मारायला पाठवलं तर आमचे सर सरळ त्यांच्या वर्गात गेले, म्हणाले शिक्षेला माझा विषय कशाला वापरता, तुमचा वापरा की.

ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (अडथळे नि पाण्याचा खड्डा ओलांडत तीन हजार मीटर) हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९:१९.७६ असा नॅशनल रेकॉर्ड करून फायनलला गेली, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिंपिक फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. फायनलला दहावी आली. आमच्या ग्रुपवर कुणीतरी फक्त दहावी असं लिहिलं तर सरांनी त्याला फोन करून झापलं होतं.

लिहा तुमचेही.

कुकरची शिट्टी
वाचतेय. डाळ लावलीये, येते.

गोळाफेक
नशीबवान आहात. आमचे सर म्हणजे खुर्ची, शिट्टी आणि चहा. बोललास, राउंड मार. हसलास, राउंड मार. टाय विसरलास तरी राउंड मार. पंचेचाळिशी आली तरी सकाळी कुणी पळायला चल म्हटलं की मला आधी वाटतं मी काय केलं??

आठवी ब
@गोळाफेक 😂😂 एकच शाळा का आपली?

फक्कीवाला
मी स्वतः पीटी शिक्षक, त्यामुळे थोडी आमची पण बाजू. सगळ्या शाळेला एक पीटीवाला, त्यात इलेक्शन ड्युटी, कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा ऑफ तास आमच्या गळ्यात, खुर्चीवर बसणाऱ्यातले काही खरंच दमलेले असतात. (काही नसतात, मान्य.)

मी स्वतः जिल्ह्याला आठशे पळायचो, नववीत गुडघा गेला. गुडघ्याच्या वाटीच्या खाली टेंगूळ येऊन दुखायचं, सगळे म्हणायचे तेल लाव, पळ. आता कळतं की ते वाढीच्या वयात, साधारण दहा ते पंधरात, भराभर उंची वाढताना उड्या आणि पळणं जास्त झालं की होतं, उड्या कमी करून धीर धरला तर बहुतेकांचं थांबतं, कधी कधी वाढ पूर्ण होईपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे माझ्याकडे पोराची पँट अचानक आखूड दिसायला लागली की मी त्याच्या उड्या निम्म्या करतो. पालक म्हणतात सर मेडल जाईल. जाऊ दे. दुसरं म्हणजे मुलगी एकदम स्लो झाली, चिडचिड करतेय, तर आळशी म्हणायच्या आधी हिमोग्लोबिन बघायला सांगतो. निम्म्या वेळा तेच निघतं.

लेनचं विचाराल तर ते मला सगळ्यात आवडतं काम. लेन १.२२ मीटरची, एक पूर्ण चक्कर लेनमध्येच पळायची असेल तर बाहेरच्या प्रत्येकाला त्याच्या आतल्या लेनवाल्यापेक्षा ७.६७ मीटर पुढे उभं करायचं. गंमत म्हणजे मैदान दोनशेचं असो नाहीतर चारशेचं, हा आकडा तोच, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. दहावीच्या पोरांना २πr मी तिथे उभं करून शिकवलंय.

आठवी ब
थांबा थांबा. आमच्याकडे सर नजरेने उभं करायचे आणि सहा नंबर लेनवाला दर वर्षी पहिला यायचा. म्हणजे तो चँपियन नव्हताच की काय 😳

गोळाफेक
तो आता नगरसेवक असेल.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. मुलगा हायस्कूलला क्रॉसकंट्री (ट्रॅकवर नाही, माळरानातून) पळतो, कोच शाळेत इतिहास शिकवतात. टीममध्ये निवड नाहीच, येईल तो घेतात, मला आधी पटलं नव्हतं. पाच किलोमीटरची शर्यत, सात जण पळतात, पहिल्या पाचांचे नंबर मोजून बेरीज, ज्यांची कमी ते जिंकले. पण सहावा सातवा पण कामाचा, कारण त्याने दुसऱ्या टीमच्या पोराला मागे टाकलं की त्यांची बेरीज वाढते. आमचा सातवा असायचा, घरी येऊन ऐटीत सांगायचा आज मी दोघांना ढकललं. बाकीची पोरं नंतर वेगळी शर्यत पळतात नि शेवटचा येईपर्यंत अख्खी टीम दोरीपाशी ओरडत उभी. माझ्या शाळेत शेवटच्याला हसायचे. तो शेवटचा कोण ते विचारू नका.

नाशिकची
कविता राऊतचं नाव अजून कुणीच नाही घेतलं?? आमची सावरपाडा एक्स्प्रेस! २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला दहा हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर. कोच विजेंदर सिंग सरांकडची, धावपटू संजीवनी जाधव पण त्यांच्याकडचीच. आदिवासी पाड्यातून डोंगर चढत उतरत पळणाऱ्या पोरींना नाशकात आणून टिकवणं हे खरं कोचिंग, स्टॉपवॉच काय कुणीही दाबेल.

कुकरची शिट्टी
आले. टिकवण्यावरून आठवलं. मी आठवीत चारशे पळायचे, पप्पांना शॉर्ट्स चालायची नाही. सर घरी आले, चहा प्यायले, पावसावर बोलले, म्हशीवर बोलले, शेवटी उठताना म्हणाले ट्रॅक पँट घालून पळू दे की, पायाला काय कळतंय. झालं! आणि बाहेरगावी मॅच असली की सर त्यांच्या बायकोला बरोबर आणायचे. मॅडम शाळेत नव्हत्या पण पिशवीत पॅड, लिंबू, गूळ सगळं. आम्हा मुलींची पाळीची अडचण त्या सरांना सांगायच्या, सर फक्त म्हणायचे आज तू बाकीच्यांचा टाइम घे, पळू नको. त्या काळात!! कोच म्हणून सर्टिफिकेटवर सरांचं नाव, पण निम्मं कोचिंग मॅडमचं होतं.

माळावरची
@कुकरची शिट्टी ❤️ मॅडमवर वेगळा धागा काढ.

रोखठोक
सगळं छान आहे पण जरा स्पष्ट बोलतो. पोरगं दहावीनंतर पळेल वगैरे ठीक, पण गरिबाच्या पोराला मेडल आत्ताच लागतं. दहावीला ग्रेसचे मार्क, क्रीडा प्रबोधिनीला (सरकारी निवासी क्रीडा केंद्राला) नंबर, पुढे पोलीस भरती. आमच्या सरांनी आम्हाला घासून घेतलं म्हणून आज आम्ही सहा जण खात्यात आहोत. दमवू नका दमवू नका म्हणणाऱ्यांच्या घरी शेती असते.

माळावरची
@रोखठोक मुद्दा बरोबर आहे, सरांवर हीच टीका व्हायची, एका वर्षी शाळेला एकही मेडल नाही तर मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं. पण भरतीत जे लागले ते आमच्याकडचे पण खूप आहेत, अठराव्या वर्षी पाय शाबूत होते म्हणूनच लागले असं माझं मत. अविनाश साबळे बघा, बीडमधल्या आष्टी तालुक्याचा, आर्मीत गेल्यावर क्रॉसकंट्री आणि तिथून स्टीपलचेसला आला, आज ८:०९.९१ नॅशनल रेकॉर्ड.

रोखठोक
साबळे एक असतो हो. बाकीच्यांना ग्रेस मार्क. बरं असो, भांडत नाही, ड्युटीवर आहे.

नाशिकची
लिंबू गुळावरून, शेंगदाणा लाडवात गूळ किती घालता? माझे फुटतात.

कुकरची शिट्टी
दाणे कोमट असतानाच कुटायचे, तेल सुटतं, मग कमी गुळात पण वळतात. दोन वाटी दाण्याला एक वाटी चिरलेला गूळ.

गोळाफेक
@फक्कीवाला, शोधलं तर दुसऱ्या लेनला ७.०४ दाखवतंय, तुम्ही ७.६७ म्हणालात. आता बोला.

फक्कीवाला
शाब्बास, वाचलंत म्हणजे! पक्क्या ट्रॅकला आतल्या बाजूने उंच कड असते म्हणून पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंमीवर मोजतात आणि बाकीच्या लेनचं रेघेपासून २० वर, त्यामुळे फक्त दुसऱ्याला ७.०४, पुढे प्रत्येकाला ७.६७. शाळेत कड कुठली, फक्कीची रेघ, मग सगळ्यांना २० आणि सगळ्यांना ७.६७.

आठवी ब
आमच्याकडे टेपच नव्हता. नंतर नंतर पावलं टाकून मोजायला लागले, ते पण कधी सर, कधी शिपाईकाका, जो मोकळा असेल तो. काका सहा फुटी.