'इंटेलिजन्स'ला मराठीत काय म्हणाल? (हेर, जासूद, बातमीदार वगैरे)

मंडळी, मदत हवीय. आमच्या फिल्म क्लबात दुसऱ्या महायुद्धातल्या हेरगिरीवरचा एक इंग्रजी सिनेमा दाखवायचाय, निम्मा प्रेक्षक सत्तरीच्या पुढचा, म्हणून मराठी सबटायटल्सचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला मसुदा मशीनकडून काढून घेतला तर त्यात एक ब्रिटिश अधिकारी ताठ उभा राहून सांगतो, 'मी लष्करी बुद्धिमत्तेतून आलोय'. आई म्हणाली, म्हणजे बाकीचं लष्कर बिनबुद्धीचं का! 'गुप्तवार्ता' लिहिलं तर सरकारी पाटी वाचल्यासारखं वाटतं, 'गुप्तचर खातं' चालेल, पण पुढच्याच वाक्यात तोच माणूस म्हणतो की आमच्याकडे इंटेलिजन्स आलंय, आता तिथे खातं कुठून आणू? आणि हेर, गुप्तहेर, जासूस यांत नेमका फरक काय? गुप्तहेरातलं 'गुप्त' कशाला, उघड हेर असतो का कधी?

प्रतिसाद १
ताई, सरळ 'बातमी' लिहा. 'आमच्याकडे पक्की बातमी आहे', झालं काम. आज बातमी म्हटलं की टीव्हीवरची पट्टी आठवते पण शब्दाचं जुनं काम हेच, शत्रूची बातमी काढणं, बातमी राखणं, बातमी फुटणं. बातमीदार म्हणजे हेरच होता, नंतर तो वर्तमानपत्रात नोकरीला लागला :) खात्यासाठी 'गुप्तवार्ता' मात्र ठेवा, महाराष्ट्र पोलिसांचा राज्य गुप्तवार्ता विभाग आहेच, शब्द काही पुस्तकातून उचललेला नाही.

प्रतिसाद २
हेर हा 'हेरणे'चा भाऊ. गिऱ्हाईक हेरणे, सावज हेरणे, लग्नात मुलगी हेरून ठेवणे, म्हणजे समोरच्याला पत्ता न लागू देता नीट बघून ठेवणे. त्यामुळे 'गुप्त' आधीच आत आहे, ते वरून लावलं ते रहस्यकथावाल्यांनी असा माझा संशय, पिवळा पितांबर म्हणतात तसलं.

जासूसची गोष्ट वेगळी. आपल्या जुन्या कागदांत तो 'जासूद' आहे. सभासद बखरीत सुरतेची बातमी आणणारे बहिर्जी नाईक 'बहिरजी जासूद' म्हणून येतात, म्हणजे तिथे हेरच. पण पुढे पेशव्यांच्या पत्रव्यवहारात जासूदजोडी म्हणजे टपाल घेऊन धावणारी दोन माणसं. मग हिंदी सिनेमांनी जासूस परत आणला आणि जासूद बिचारा इतिहासाच्या पुस्तकात राहिला. तुमच्या सिनेमात जासूस नको, लगेच टोपी, काळा चष्मा आणि ढॅणढॅण म्युझिक डोळ्यांपुढे येतं.

धागाकर्ती
बातमी एकदम पटली! आता पुढचा घोळ. गोष्ट १९४३ची आहे, ब्रिटिशांनी एका मेलेल्या माणसाला 'मेजर मार्टिन' बनवलं, खोटी कागदपत्रं असलेली बॅग त्याला बांधली आणि पाणबुडीतून नेऊन स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडलं. खिशात प्रेमपत्रं, बँकेचं थकबाकीचं पत्र, नाटकाच्या तिकिटांचे तुकडे. जर्मनांना वाटावं की हल्ला ग्रीसवर होणार, प्रत्यक्षात जुलैमध्ये सैन्य उतरलं सिसिलीत. ह्या बेताचं नाव 'मिन्समीट', आणि मशीनने लिहिलंय 'ऑपरेशन खिमा'.

प्रतिसाद ३
खिमा!! अहो इंग्रजांचं मिन्समीट म्हणजे मनुका, सफरचंद, मसाला घातलेलं गोड सारण, नाताळच्या पायमध्ये भरतात, पूर्वी त्यात मांस असायचं म्हणून नाव तसं राहिलं. आपल्या नेवरीतल्या सारणासारखं समजा. भाषांतर करू नका, तसंच ठेवा. पण चर्चिलला जी तार गेली की मिन्समीट काठी-दोरीसकट गिळलं, तिथे 'मासा गळाला लागला' बिनधास्त लिहा.

प्रतिसाद ४
डबल एजंट आहे का त्यात? 'दुहेरी हेर' म्हटलं की डबल रोल वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ह्याला फक्कड शब्द आहे, 'उभयवेतन', दोन्हीकडून पगार खाणारा. 'गार्बो' टोपणनावाचा स्पॅनिश माणूस घ्या, ब्रिटिशांसाठी काम करायचा आणि जर्मनांना पटवलेलं की हाताखाली २७ हेर आहेत, सगळे काल्पनिक, त्यांचे पैसे मात्र जर्मन मोजत होते. १९४४ला जर्मनीचं आयर्न क्रॉस हे पदकही मिळालं आणि ब्रिटिशांचा एमबीई हा किताबही. उभयवेतन म्हणजे किती ते!

त्याच अर्थशास्त्रात 'रसद' म्हणजे विष देणारा हेर. आपली दाणागोट्याची रसद फारसीतली, तिचा ह्याच्याशी संबंध नाही, गल्लत नको.

प्रतिसाद ५
कोड आणि सायफर दोन्ही आले तर दोन्हीकडे 'सांकेतिक भाषा' लिहू नका प्लीज. अख्ख्या गोष्टीला ठरवून दिलेला शब्द तो कोड, जसं मिन्समीट, त्याला 'संकेत' पुरे. अक्षरागणिक बदल होतो तो सायफर, जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचा तसा, ती कूटलिपी. आपल्याकडे करपल्लवी होती ना, हाताच्या खुणेने वर्ग सांगायचा, कमळ केलं की क-वर्ग, टंकार म्हणजे ट-वर्ग, मग बोटं दाखवून अक्षर. कमळ आणि तीन बोटं म्हणजे ग, टंकार आणि तीन बोटं म्हणजे ड, झाला 'गड'. लहानपणी आम्ही च-ची भाषा बोलायचो, 'चुझंत चावन चायक', तीही कूटलिपीचीच धाकटी बहीण, फक्त आजी ती दोन दिवसांत फोडायची.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. खात्याला गुप्तवार्ता, मजकुराला बातमी, माणसाला नुसता हेर, कोडला संकेत. उभयवेतन वापरायचा फार मोह होतोय पण सबटायटल दोन सेकंदं टिकतं, तेवढ्यात आजोबांना कळायला हवं, म्हणून 'दोन्हीकडचा हेर' लिहिलं. 'कव्हर ब्लो झालं'ला आईनेच सुचवलं, 'बिंग फुटलं', दोन शब्दांत काम. आता एकच अडलंय, 'हँडलर', म्हणजे हेराला कामं देऊन त्याच्याकडून बातमी घेणारा अधिकारी. मशीन म्हणतं 'हाताळणारा', तो आधी बदलतेय. 'सूत्रधार' लिहू का, की नाटकातला वाटेल?