मदत हवी आहे: बिअरचे रिकामे कॅन चेपून विकावेत की तसेच?

मंडळी, पेडण्याकडे समुद्रकिनारी भावाचं छोटं हॉटेल आहे. सीझनमध्ये बिअर आणि कोल्ड्रिंकच्या कॅनचा ढीग पडतो. मागे जागा कमी, त्यामुळे गोण्या लगेच भरतात. एक कॅन जेमतेम १३-१५ ग्रॅमचा, म्हणजे किलोला साधारण ७० कॅन लागतात. न चेपता नेले तर टेम्पोत नुसती हवाच भरून न्यायची!

भिंतीला लावायचा, दांडा खाली ओढून कॅन चेपायचा हातयंत्राचा प्रकार पाहिलाय. पण रोज एवढे कॅन पोरं एकेक करून चेपतील का? माझा तरी विश्वास नाही. कोणी पायाने चालणारं किंवा मोटरवरचं यंत्र वापरलंय का? टिकतं का?

दुसरं म्हणजे, आमचा भंगारवाला चेपलेल्या कॅनला भाव कमी देतो. आत वाळू, पाणी असतं म्हणे. त्याचं अगदीच चूक नाही, किनाऱ्यावरच्या कॅनमध्ये वाळू असतेच. आम्ही आता उलटे करून निथळवतो आणि चुंबक फिरवून लोखंडी डबे बाजूला काढतो. तरी तो कॅनला भांड्यांच्या जर्मनपेक्षा (म्हणजे जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांपेक्षा) बराच कमी भाव लावतो. रंग आणि आतला लेप वितळवताना जळून जातो, पातळ पत्र्यात घटही जास्त येते, हे समजतं. पण फरक किती असावा?

म्हापसा, सावंतवाडी, बेळगाव भागात थेट मोठ्या व्यापाऱ्याला माल देणारं कोणी असेल तर सांगा, किमान किती किलो लागतो तेही. आणि हो, गोण्यांना मुंग्या फार लागतात, त्यावर काय करता?