प्लगइन टाकलं, तरी सदस्यांचे अधिकार जुनेच
तुम्ही लिहिलंय की वर्डप्रेसवर (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) नोटिशींचं प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम, टाकल्यावर ॲडमिनला मेनू दिसतो, बाकीच्यांना नाही, आणि लॉगआउट करूनही फरक पडत नाही. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या साइटवर अगदी हेच झालं होतं. सेक्रेटरीकाकांचा रात्री दहाला फोन, "अरे, 'नवीन जोडा' बटणच नाही!"

वर्डप्रेस भूमिकांचे (ॲडमिन, संपादक अशा सदस्य-प्रकारांचे) अधिकार डेटाबेसमध्ये, ऑप्शन्सच्या टेबलात साठवून ठेवतं. प्लगइनं ते बहुधा ॲक्टिव्हेट होतानाच लिहितात; नुसत्या अपडेटला तो कोड चालत नाही, वर्डप्रेसच्या ३.१ आवृत्तीपासून तसंच आहे. म्हणून आधी डीॲक्टिव्हेट करून पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डिलीट मात्र नको, डेटा जाऊ शकतो.

तरी भागलं नाही, तर आमच्यासारखं असेल. जुन्या प्लगइनची त्याच नावाची भूमिका मागे राहिली होती, आणि भूमिका आधीच असली की 'ॲड_रोल' (भूमिका तयार करणारी वर्डप्रेसची आज्ञा) काहीच बदलत नाही. बॅकअप घेतला, 'रिमूव्ह_रोल'ने ती काढली, पुन्हा ॲक्टिव्हेट केलं, मेनू आला. सदस्यांच्या नोंदीत भूमिकेचं नाव टिकतं, त्यामुळे पुन्हा नेमावं लागलं नाही. रेडिस कॅशे (वेगासाठी डेटाची तात्पुरती प्रत ठेवणारी सोय) असेल तर तोही रिकामा करा.

वैतागून सगळ्यांना ॲडमिन तेवढं करू नका, साइटवर सभासदांचे फोन नंबर असतात.