लांबच्या सरांकडे कराटे शिकायला जाण्यात अर्थ आहे का?

प्रश्न: गोजू-र्‍यू (कराटेची एक शैली) शिकायचंय पण चांगले सर खूप लांब राहतात, महिन्यातून एकदाच जमेल, मग मधे एकटीने सराव करून चुकीच्या सवयी लागतील का?

उत्तर: बिनधास्त जा! या शैलीचे संस्थापक मियागी चोजून स्वतः १९१५ मध्ये जपानमधल्या ओकिनावा बेटाहून चीनमधल्या फुझौला गेले होते, आपल्या गुरूंच्या गुरूंचा शोध घ्यायला. फक्त एका वेळी एकच काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) घे. उदा. सान्चिन या कातामध्ये पुढचं पाऊल किती आत वळवायचं, श्वास कधी सोडायचा, सरांनी हात लावून दुरुस्त केलं की त्याच दिवशी वहीत लिही, नाहीतर निम्मं विसरायला होतं.

उत्तर: सहमत, पण कुमितेला (समोरासमोर लढतीच्या सरावाला) जोडीदार लागतोच, तो जवळपासच बघ. आणि व्हिडिओ पाठवला तर चालेल का हे सरांना आधीच विचार, काहींना नाही आवडत.

प्रश्नकर्ती: थँक्स, आजच विचारते!