मदत हवी आहे : भाच्याला पोलिसांनी धरलंय, वय सतरा, उद्या बाल न्याय बोर्डासमोर नेणार (ऐरोली)

ताईचा मुलगा, बारावीला आहे, पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील. रात्री कॉलनीतल्या एका मोठ्या पोराबरोबर (तो वीसचा असेल) कुणाचीतरी स्कूटर उचलून पाम बीचला चक्कर मारायला गेले आणि नाकाबंदीत सापडले. पोलीस म्हणतात चोरीची केस. कोणी म्हणतं भिवंडीला बालसुधारगृहात ठेवतील, कोणी म्हणतं आता अठराचा होतोय म्हणजे मोठ्यांच्याच कोर्टात चालेल. ताई रडून रडून अर्धी झालीय आणि इकडे सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या नावासकट सीसीटीव्ही क्लिप फिरतेय. जामीन होईल का? त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय, त्याचं काय?

प्रतिसाद १
आधी पाणी प्या. वय घटनेच्या दिवशीचं धरतात, चौकशी चालू असताना अठरा झाला तरी केस बाल न्याय मंडळाकडेच राहते. त्या मोठ्या पोराची केस वेगळी चालते, दोघांची एकत्र नाही. चोवीस तासांच्या आत मंडळासमोर न्यावंच लागतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. मंडळात मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात.
२०१५ च्या बाल न्याय कायद्यात जामीन हाच नियम आहे. सुटल्यावर पोरगं गुन्हेगारांच्या नादी लागेल, त्याच्याच जिवाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच नाकारतात. म्हणून ताई-भावोजी दोघं जा, 'आमच्याकडे राहील, कॉलेजला जाईल' असं नीट सांगा. आणि वकिलासाठी दागिने वगैरे मोडू नका हां, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.
नेव्हीचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम २४ वाचा, अशा केसमुळे पुढे अपात्रता लागत नाही.

प्रतिसाद २
ग्रुप अॅडमिनला आत्ता फोन करा. अल्पवयीन आरोपीचं नाव-फोटो पसरवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आमच्याकडे एवढं ऐकल्यावर पाच मिनिटांत क्लिप गायब झाली होती, लोक फार शूर नसतात.

धागाकर्ता
खूप आभार. वयाला आधार चालेल ना?

प्रतिसाद १
आधारवर राहू नका. दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी बघतात, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची टेस्ट. ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स घ्या.